पांढऱ्या दगडांचा ढीग

फोन आला तेव्हा मी दारात भाजीवाल्याशी वाद घालत होते. वांगी आजचीच आहेत असं त्याचं म्हणणं, आणि माझं म्हणणं देठाकडे बघ आणि मग बोल. आतून सून म्हणाली, "आई, भिलाईहून माधुरीताईंचा फोन आहे." माधुरी म्हणजे माझ्या भावाची एकुलती एक मुलगी. फोन कानाला लावून मी नेहमीसारखं म्हणाले, "काय वं, आज कशी आठवण झाली म्हातारीची?" पलीकडून ती एवढंच म्हणाली, "आत्या, पापा चले गए." भिलाईत जन्मलेली, तिथंच वाढलेली पोर. घरात आमच्यासारखं मराठी बोलते, पण जीव घाबरला की हिंदीत शिरते. मी काय बोलले ते आता आठवत नाही. भाजीवाला मात्र बराच वेळ दारात उभा होता आणि मग वांगी तिथंच पायरीवर ठेवून निघून गेला, एवढं आठवतं.

आज त्याला काही आठवडे झाले. भिलाईत दादाच्या रिसालीतल्या घरी बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदनाला माणसं आली, चांगलं चांगलं बोलून गेली. "सुदामभाऊ म्हणजे देवमाणूस," असं एकजण म्हणाला, तेव्हा मला हसूच आलं. दादाला देवमाणूस म्हटलेलं मुळीच खपलं नसतं. देव त्यानं तरुणपणीच सोडले होते आणि माणूस म्हणूनही तो फार सरळ वगैरे नव्हता. चांगलाच हेकट होता. एकदा एखादी गोष्ट ठरवली की हत्ती लावून ओढला तरी हलायचा नाही, आणि वर आवाज इतका खालचा की त्याच्याशी भांडणाऱ्यालाच आपण ओरडतोय याची लाज वाटावी. मी त्याची धाकटी बहीण. आयुष्यभर त्याच्याशी भांडले. त्यामुळे त्याच्याबद्दल लिहायचा पहिला हक्क माझा, असं मी धरून चालले आहे.

आमचं गाव भंडाऱ्याकडचं. बाबा गोंदियाला रेल्वेत खलाशी होते. घरात शाळा शिकलेला पहिला माणूस म्हणजे दादा, आणि कॉलेजात गेलेलाही तोच. नागपूरला जाऊन त्यानं भूगर्भशास्त्र घेतलं. भूगर्भशास्त्र म्हणजे काय हे घरात कुणालाच कळत नव्हतं. आईनं विचारलं तर म्हणाला, "दगड वाचाचं शास्त्र, माय." आई म्हणाली, "दगड तर तुझ्या आज्यानंही जिंदगीभर फोडले. त्याले कोणी शाळेत नाई घातलं." सुट्टीत घरी आला की खिशातून दगड काढायचा, फुंकायचा, आणि जिभेनं ओला करून भिंगाखाली धरायचा. ओला झाला की रंग उघडतो म्हणे. शेजारच्या बाया आईला सांगायला आल्या, पोराला कुणीतरी करणी केली, दगड चाटतो. दीक्षा घेतल्याला फार दिवस झाले नव्हते. आई ठसक्यात म्हणाली, "आमच्यात आता करणी-बिरनी चालत नाई. चाटू द्या त्याले." पण मला बाजूला घेऊन हळूच विचारलंच की, पोट तर नाही ना बिघडणार.

मग भिलाईचा कारखाना उभा राहू लागला आणि दगड वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. लोखंडासाठी खनिज लागतं, चुनखडी लागते, डोलोमाइट लागतो, आणि बांधकामाला रेती, गिट्टी, मुरूम तर इतका की विचारू नका. दादाला खाणीच्या बाजूला नोकरी लागली. पाठोपाठ मीही भिलाईला आले, शाळेत मास्तरीण म्हणून. सेक्टर दोनमध्ये आम्हाला, म्हणजे दादाला, मला आणि आईला, क्वार्टर मिळालं तेव्हा भिंतींचा चुना अजून ओला होता. जिकडे बघावं तिकडे लाल मुरमाची धूळ, अर्धे रस्ते, क्रेनच्या माना, आणि टोपी घातलेले रशियन साहेब बाजारात केळी विकत घेताना दिसायचे. धुतलेलं पातळ वाळत घातलं की संध्याकाळी गुलाबी होऊन घरात यायचं. पण काय सांगू, त्या धुळीतही एक ऐट होती. विदर्भातून आलेली आमची माणसं, कुणी रेल्वेचा, कुणी शेतावरचा, सगळे एकाच रांगेत राहात होते, आणि पहिल्यांदाच नळावर कुणी कुणाला तुझं पाणी अन् माझं पाणी म्हणत नव्हतं. निदान तोंडावर तरी नाही.

लोखंडाचं खनिज राजहऱ्याच्या डोंगरातून यायचं. तिथवर रेल्वेचा नवा मार्ग, त्याचे पूल, मोऱ्या, खाणीवरची वसाहत असं सगळं काम एकदम सुरू होतं. काँक्रीटला चांगली रेती कुठली, ते तपासून सांगायचं काम दादाकडे आलं. डोंगरापलीकडच्या रानात त्याचा तंबू पडला. नाताळची सुट्टी लागली तशी आई मला म्हणाली, "जा वं, पाहून ये. जेवते का दगडंच खाते कोण जाणे." मी पीठ, तिखट, लोणच्याची बरणी घेऊन एका ट्रकमधून निघाले. तंबूपाशी उतरले तर दादा नाही. चौकीदार म्हणाला, "साहेब नरवावर हेत." नरवा म्हणजे नाला. गेले, तर आमचे साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून थंडगार पाण्यात उकिडवे बसलेले, आणि एक काळीसावळी, हाडकुळी म्हातारी त्यांना लाकडी काथवट कशी फिरवायची ते शिकवत होती.

ती सुकवारोबाई. तिची जात सोनझऱ्यांची. नाल्याच्या रेतीतून सोनं धुऊन काढायचं, हाच त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पावसाळा सरला की ही कुटुंबं त्या नाल्याच्या एका वळणावर येऊन बसत. बायका पाण्यात उतरून रेती भरायच्या आणि काथवटीला असे झोके द्यायच्या की हलकी रेती पाण्याबरोबर काठावरून निघून जाई. तळाला राहायची काळी, जड रेती, आणि तिच्या काठाशी, नशीब असेल तर, डोळ्याला जेमतेम दिसणारे पिवळे कण. दिवसभर पाण्यात कुडकुडून तिळाएवढंही निघायचं नाही. पण त्यावर घर चालत होतं. मी ती काळी रेती चिमटीत घेतली तर दादा हसून म्हणाला, "त्याच्यात लोखंड आहे, कुसुम. कारखाना ज्याच्यासाठी डोंगर फोडून राहिला, ते ह्या बाया फेकून देतात." पण त्या अगदी सगळीच फेकत नसत. हंगामाच्या पहिल्या धुण्यातली काळी रेती ओंजळीत घेऊन सुकवारोबाई टेकडीच्या पायथ्याशी जायची आणि तिथल्या पांढऱ्या दगडांच्या एका मोठ्या ढिगाशी ठेवून यायची. तो ढीग पुरख्यांचा, म्हणजे पूर्वजांचा. त्याला हात लावायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही.

त्या ढिगानं दादाला वेड लावलं होतं. दुसऱ्या दिवशी तो मला टेकडीवर घेऊन गेला. दादासोबत चालणं म्हणजे दर दहा पावलांना थांबणं. वाटेत त्यानं मला त्या जमिनीची सगळी कुंडली सांगितली. ही जमीन फार म्हातारी. जिवाणूंपलीकडे काही जन्मलं नव्हतं तेव्हा इथं समुद्राखाली तापलेला रस वाहिला, त्याचा हिरवट काळा दगड झाला. मग त्याला भेगा पडल्या. खोलातलं उकळतं पाणी त्या भेगांमधून वर आलं, येताना आपल्यासोबत गार आणि सोन्याचे कण घेऊन आलं, आणि निवता निवता तिथंच जमून बसलं. गार म्हणजे तीच पांढरी गारगोटी, आपण लहानपणी अंधारात घासून ठिणगी पाडायचो ती. पुढं डोंगर झिजला, गार फुटली, सोन्याचे कण पावसासोबत नाल्यात उतरले. "सोनं जड," दादा म्हणाला, "पाणी पळते तोवर त्याले नेते. वळणावर पाणी जरा आळसते ना, तिथं ते बसून जाते. म्हणून ह्या बाया त्याच वळणावर बसतात. त्याईले कोणी पुस्तक नाई वाचून दाखवलं, अन् मले पुस्तकात कोणी हे वळण नाई दाखवलं."

टेकडीच्या माथ्यावर जमीन चिरल्यासारखा एक लांब खड्डा होता, झुडपांनी भरलेला. तोच कधीकाळचा सोन्याचा खाणखड्डा. दादानं फांद्या बाजूला करून मला आतली भिंत दाखवली. काजळीनं काळी. पूर्वीचे लोक खडकाला जाळ लावायचे, खडक तापला की त्यावर थंड पाणी मारायचे, तो तडकायचा आणि मग पहारीनं फोडायचे. गारेची शीर जिकडे वळली तिकडे खड्डाही वळला होता. खाली सपाट खडकावर उखळासारखे वाटोळे खळगे होते, गुळगुळीत, पाणी साचलेले. फोडलेली गार त्यात कुटून पीठ करायचे आणि नाल्यावर नेऊन धुवायचे. ज्या दगडात काही दिसलं नाही तो बाजूला टाकायचे. टाकता टाकता तो ढीग झाला, एखाद्या दुमजली घराएवढा. दादा त्या खळग्यात हात घालून म्हणाला, "हे पाह्य, ह्या खळग्याची घासण. दोन हातांची नाई, पिढ्यांची आहे. कुटाचं काम बायाईचंच असन. कोण होते हे लोक? राजाचं नाव कुठंतरी सापडते, कुसुम. ह्याईचं कोणीच नाई लिहिलं."

मी त्याला असं बोलताना पूर्वी ऐकलं नव्हतं. तेव्हाच त्यानं मला मनातलं सांगितलं. त्याला त्या ढिगाबद्दल लिहायचं होतं, चांगला मोठा शास्त्रीय लेख. खाली केव्हाचा थर, वर केव्हाचा, मधे कुठं कोळसा, कुठं फुटकं मडकं सापडतं, हे पाहत पाहत ढीग वरून खाली एक एक थर उतरवायचा. म्हणजे काम केव्हा सुरू झालं, केव्हा थांबलं, किती पिढ्या चाललं, ते कळेल. नागपूरच्या त्याच्या जुन्या सरांना त्यानं पत्रही टाकलं होतं, आणि असं काम झालं तर तुला संशोधनाला घ्यायला लावतो, असं सरांनी कळवलं होतं. आमच्या घरातल्या खलाशाच्या पोराला संशोधक होता येणार होतं. माझ्या तर अंगावर काटा आला. मी म्हटलं, "मग बसला कायचा? कर ना सुरू." तो म्हणाला, "पहिले रेतीचं काम. पगार रेतीचा आहे."

आणि त्या रेतीनंच घोटाळा केला. परिसरातले नाले तपासत तपासत दादा त्या वळणापाशी आला. त्याची पद्धत साधी होती. काचेच्या बरणीत रेती घ्यायची, पाणी भरून खळखळून हलवायची आणि ठेवून द्यायची. रेती खाली बसते आणि तिच्यावर मातीचा थर चढतो. मातीचा थर जाड असला तर रेती नापास. वळणावरच्या रेतीवर माती म्हणून दिसली नाही. खडबडीत, स्वच्छ, अभ्रकही नाही. इतकी चांगली रेती त्या भागात दुसरी नव्हती, आणि गाडीरस्ता अगदी जवळून गेलेला. रेतीच्या ठेकेदाराच्या माणसाला याचा वास लागलाच. सोनझऱ्यांनाही लागला. एका सकाळी सुकवारोबाई आणि सगळ्या बाया तंबूसमोर येऊन बसल्या. सुकवारोबाईनं फार काही मागितलं नाही. "साहेब, तैं लिख दे, रेती खराब हे," एवढंच म्हणाली. मग ती नाल्याकडे हात करून म्हणाली, "ये नरवा हमर खेत ए." हा नालाच आमचं शेत. ट्रक एकदा त्या वळणावर उतरले असते तर महिन्याभरात त्यांचं शेत खरवडून निघालं असतं, हे तिथल्या लहान पोरालाही कळत होतं.

दादानं अहवाल लिहिला : रेती उत्तम.

मी भडकले. भाजी ढवळता ढवळता त्याला जे तोंडाला येईल ते बोलले. "कावून लिहिलं तसं? एक शब्द बदलला असता तर काय हात झडला असता तुझा?" तो जेवायचा थांबला. म्हणाला, "उद्या त्या पुलावरून गाडी जाईल, कुसुम. आज एकासाठी खोटं लिहिलं तर उद्या दुसरा म्हणन, माझ्यासाठी लिही." मग म्हणाला, "अन् माझ्यासारख्याच्या सहीवर लोक दोनदा बोट फिरवून पाहतात. मले एकदाही चुकता येत नाई." मी म्हटलं, "मग त्या बायाईनं काय कराव?" ताट तसंच सोडून तो उठला. मला आजही वाटतं की माझा राग बरोबर होता. त्याचंही बरोबर होतं, ही गोष्ट वेगळी.

मी सुट्टी संपवून भिलाईला परतले. पुढचं काही त्यानं सांगितलं, काही चौकीदारानं. दादा रोजचं काम संपवून आणि रविवारी दिवसभर नाल्याच्या काठाकाठानं खाली चालत जायचा. त्याचा हिशेब असा की सोनं वळणावर बसतं कारण ते जड. पण रेती काही तिथंच संपत नाही, ती तर पुढं वाहतेच. डोंगर तोच, दगड तोच, म्हणजे खाली जिथं नाला नदीला मिळतो तिथंही असलीच रेती सापडली पाहिजे, फक्त सोन्यावाचून. सोनझऱ्यांना ती कवडीच्या कामाची नाही आणि पुलाला सोन्याची गरज नाही. संगमाजवळ त्याला तसा पट्टा सापडला. बरणी भरली, हलवली, ठेवली. माती नाही. त्या दिवशी त्याचं मला आलेलं कार्ड अजून डोळ्यांसमोर आहे. त्यात फक्त एवढंच होतं की, लोणचं संपलं, पाठव. त्यावरून मी ओळखलं की स्वारी खुशीत आहे.

पण ठेकेदार काही वेडा नव्हता, आणि दुष्टही नव्हता. तो येऊन जागा पाहून गेला आणि म्हणाला, रेती छान आहे, पण ट्रक तिथवर जाणार कसा? मधे सगळी कन्हार, म्हणजे चिकट काळी माती. दव पडलं तरी चाक रुतणार. पक्का रस्ता करून द्या, मी खालून उचलतो. नाहीतर होळी झाली की वळणावर गाड्या लावतो, माझंही काम अडलंय. कडक मुरूम आणायचा तर तो कोसन्‌कोस दूर. रस्त्यासाठी कारखान्याकडे मागणी करावी तर मंजुरी येईतो पावसाळा. आणि त्या काळ्या मातीच्या अगदी कडेला, हातभर अंतरावर, आयत्या फोडलेल्या, कठीण, मुठीएवढ्या दगडांचा दुमजली घराएवढा ढीग पडला होता.

ते फक्त दादालाच दिसलं. बाकीच्यांना तो पुरख्यांचा होता, म्हणून कुणाच्या मनातही आलं नाही. ठेकेदाराच्या नजरेला झुडपांतली टेकडी दिसली. दादा शनिवारी भिलाईला घरी आला. आईला वाटलं, ताप आहे. जेवला नाही. मला अंगणात बोलावून म्हणाला, "तो ढीग दिला तर रस्ता होते." मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी म्हटलं, "अन् तुझा लेख? सरांना काय सांगशील?" तो म्हणाला, "ढीग एकदा हलला की थर गेले. मग तो नुसता दगड. कोण होते, केव्हा होते, ते आता कोणालेच नाई कळणार. मलेही नाई." मी म्हटलं, "थोडे दिवस मागून घे. आधी तुझं काम कर, मग दे." त्यानं मान हलवली. नीट करायचं तर दोन हिवाळे लागतील, आणि होळी तोंडावर. मग म्हणाला, "ज्याईनं तो ढीग केला, त्याईले विचारलं असतं ना, तर त्याईनं काय सांगितलं असतं, हे मले माहीत आहे."

म्हणजे जे काम एखाद्याला आयुष्यात एकदाच सापडतं, ते त्यानं अंगणात उभ्याउभ्या सोडलं. मी रडले. तो नाही रडला. उलट म्हणाला, "आता त्या म्हातारीले कसं समजवू ते सांग."

मी त्याच्यासोबत गेले, शाळेला दांडी मारून. सुकवारोबाई अहवालापासून दादाशी बोलत नव्हती. दादानं तिला संगमावरची रेती दाखवली, काळी माती दाखवली, मग ढिगाकडे बोट न दाखवता नुसतं तिकडे पाहिलं. तिला कळलं. बाकीच्या बाया गलका करू लागल्या. पुरख्यांच्या दगडांवरून ट्रक चालवायचे? एक तर दादाच्या अंगावरच धावून आली. सुकवारोबाई उठून एकटीच ढिगापाशी गेली आणि पाठमोरी तिथं बसून राहिली. आम्ही उन्हात उभे. परत आली तेव्हा चेहरा तसाच कोरडा होता. म्हणाली, "पुरखा मन के पथरा ए, लइका मन के काम आही." पूर्वजांचे दगड आहेत, पोरांच्या कामी येतील. आणि लगेच सगळ्यांकडे बोट फिरवून अट घातली : "एको ठन पथरा कोनो अपन घर झन लेगव." एकही दगड कुणी आपल्या घरी न्यायचा नाही. पुरख्यांची वस्तू घरात येत नाही. सगळी रस्त्यावरच बसली पाहिजे. पहिला दगड तिनं स्वतः उचलला आणि दादाच्या हातात दिला.

मग जे काम झालं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. सोनझऱ्यांची सगळी कुटुंबं, आसपासच्या वस्तीतली माणसं, ठेकेदाराचे मजूर, चौकीदार, आणि पाटी डोक्यावर घेतलेली मी. मास्तरणीच्या डोक्यावर पाटी पाहून बाया खदखदा हसत होत्या. दादा खाली रस्त्यावर बसून एकेक दगड घट्ट बसवून घेत होता. मधूनच एखादा दगड हातात धरून जरा जास्त वेळ पाहायचा. एका दगडावर पहारीचा घाव स्पष्ट होता, एकावर काजळी, एकाच्या पोटात तर मलाही काहीतरी पिवळं चमकल्यासारखं वाटलं. दादानं तो ओला केला, जिभेनंच, सवयीप्रमाणे. बायांमध्ये हशा पिकला. मग त्यानं तो रस्त्यात बसवला आणि वरून धुम्मस मारून घट्ट ठोकून घेतला. होळीच्या आधी पहिला ट्रक त्या पांढऱ्या रस्त्यानं खाली गेला. वळणाला कुणी हात लावला नाही.

सरांना दादानं कळवून टाकलं की साहित्य उरलं नाही. सरांचं पुन्हा पत्र आलं नाही. दादा पुढं बरीच वर्षं नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींवर होता. काम चांगलं केलं, बढती मिळाली, लग्न झालं. वहिनीला पहिल्या भेटीत त्यानं चुनखडीतला शेवाळाचे ठसे असलेला एक दगड भेट दिला, आणि तिनंही तो मुकाट जपून ठेवलं, यावरून ती किती भली बाई होती ते कळावं. संशोधक तो झाला नाही. त्याबद्दल त्यानं कधी हळहळ केली नाही, पण खोटंही बोलला नाही. एकदा मी विचारलं, "वाईट वाटते का रे?" तर म्हणाला, "वाटते ना. कावून नाई वाटणार?" आणि पेपर वाचत बसला. तो निवृत्त झाल्यावर एक तरुण संशोधक त्याचा पत्ता शोधत रिसालीला आला होता. त्या जुन्या खाणीबद्दल त्यानं कुठं तरी ऐकलं होतं. टेकडीवरचा खड्डा आता ढासळलाय, तो रस्ताही मातीत बुजलाय, ढिगातला एखादा तरी दगड मिळाला तर काजळीवरून काही सांगता येईल, असं तो म्हणाला. दादानं सांगितलं, माझ्याकडे नाही. पोरगा बिचारा तीनदा येऊन गेला. त्याला वाटलं, म्हातारा लपवतोय. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. जो माणूस रस्त्यावरचा खडा उचलून खिशात टाकतो, तो त्या ढिगातला एकही दगड ठेवणार नाही? मी माधुरीला गमतीनं म्हणायचे, तुझ्या बापाकडे सोन्याचा दगड आहे, नीट शोध.

परवा आम्ही त्याची खोली आवरली. माधुरीला घर रंगवून घ्यायचं होतं. खोलीत कपडे मोजके, पुस्तकं बरी, आणि दगड मात्र उदंड. खिडकीच्या कट्ट्यावर, कपाटावर, पलंगाखाली खोक्यांमधून. राजहऱ्याचं गडद लाल खनिज, नंदिनीची राखाडी चुनखडी, डोलोमाइट, वैनगंगेच्या पात्रातले गोटे, कुठकुठल्या सहलींतले खडे. प्रत्येकाला चिकटपट्टी, त्यावर त्याच्या बारीक अक्षरात गाव. मी चष्मा लावून एकेक दगड हातात घेतला. माधुरी म्हणाली, "आत्या, क्या ढूंढ रही हो आप?" मी तिला म्हटलं, तू चहा टाक. खोकी उपसली. कपाटाच्या मागं हात घातला. गादी उलटली. उशीचा अभ्राही पाहिला, आता हसू येतं, पण पाहिला. काळे, लाल, राखाडी, हिरवट असे दगड मिळत गेले. पांढरा नव्हता.

दुपार झाली, चहा निवला. सगळे दगड जमिनीवर मांडून मी मधोमध बसले होते. फोन आल्यापासून मी रडले नव्हते. वंदनेला नाही, पुण्यानुमोदनाला नाही. सूनबाईंना काळजी वाटत होती. तिथं मात्र मला आवरलं नाही. रानातल्या एका अडाणी म्हातारीनं सगळ्यांसमोर एक अट घातली होती. ती म्हातारी जाऊनही जमाना झाला. कुणी विचारणारं नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं, आणि तो एक दगड त्याच्याकडे असता तर त्याच्या त्या राहिलेल्या कामातलं थोडं तरी हाती लागलं असतं. अरे दादा, एक तर ठेवायचा होतास रे... माधुरी धावत आली, माझ्याजवळ बसली आणि या वेळी मात्र मराठीतच म्हणाली, "आत्या, काय हरवलं?"

मी तिला म्हटलं, "काई नाई हरवलं, बाई. तुझ्या बापानं त्या लोकायचा एकही दगड घरी नाई आणला."